मोलॅरिटीच्या गणितात ‘किती’ कळतं, ‘कशात’ राहून जातं

प्रश्न असा आहे. आर्णीजवळच्या एका गावातली मुलगी अकरावी सायन्सला एसटीने तालुक्याला जाते-येते. दहावीपर्यंत मराठी माध्यम. ती लिहिते, “सर शिकवतात तेव्हा सगळं समजते. घरी वही उघडली की मोलॅरिटी काढू, मोलॅलिटी काढू का टक्के, हेच कळत नाही. युनिट बदलताना हजारने गुणू का भागू, तिथं अडते. संयुगांची नावं पाठ केली तरी आठ दिवसांत उडून जातात. ट्यूशन लावणं जमणार नाही. सूत्रं पाठ करू, की उदाहरणं जास्त सोडवू?”

मी यवतमाळ जिल्ह्यातच ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. हा प्रश्न दरवर्षी वर्गात कुणी ना कुणी विचारतं, आणि बहुतेक वेळा विचारणारा मुलगा किंवा मुलगी हुशारच असते. म्हणून सविस्तर लिहितो.

तुझे तीन प्रश्न वरवर तीन धड्यांचे दिसतात, पण अडतंय एकाच जागी. आकडा लिहिताना त्याच्यासोबत तो कशाचा आणि कशातला, हे तू लिहीत नाहीस. “९८ टक्के” लिहितेस. कशाचे ९८, कशाच्या १०० मध्ये, हे मनात धरतेस किंवा धरतही नाहीस. फळ्यावर सर ते तोंडाने बोलत असतात, म्हणून वर्गात समजतं. घरी वहीत नुसते आकडे उरतात. सूत्र पाठ असूनही कोणता आकडा कुठे टाकायचा ते मग सुचत नाही.

आता काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. तुला अपूर्णांक, गुणोत्तर आणि दहाचे घात अडत असतील, तर पुढचं सगळं वाचण्याआधी आठवडाभर तेवढंच कर, कारण ती उणीव रसायनशास्त्रात भरून निघत नाही. गणित बरं असेल आणि इंग्रजी प्रश्नच उलगडत नसेल, तर प्रश्न आधी आपल्या मराठीत दोन ओळींत लिहून घे. त्यात कमीपणा काही नाही, माझे चांगले विद्यार्थी हेच करायचे. आणि नुसती बोर्डाची तयारी असेल तर पायऱ्या नीट मांडण्याला जास्त महत्त्व दे, कारण गुण पायऱ्यांना मिळतात. नीट किंवा सीईटी द्यायची असेल तर आकडेमोड हातानेच, तीही वेगात जमली पाहिजे. कॅल्क्युलेटर बोर्डातही चालत नाही.

मूळ कल्पना तुझ्या घरात रोज बोलली जाते. कापूस निघाला की लोक विचारतात, “एकरी किती झाला?” एकूण साठ क्विंटल झाला म्हटलं तर पीक चांगलं की वाईट ते कळत नाही. वावर किती, ते कळलं तरच कळतं. संहती म्हणजे तेच. द्राव्य, म्हणजे विरघळलेला पदार्थ, किती, हे वर. ते कशात आहे, हे खाली. वरचं बहुतेक सगळ्यांना कळतं, घोळ खालच्यात होतो.

मोलॅरिटी आणि मोलॅलिटी, दोन्हींत वर द्राव्याचे मोल असतात (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक संख्या). मोलॅरिटीत खाली द्रावणाचं लिटर असतं, म्हणजे सगळं मिसळून झाल्यावरचं आकारमान. मोलॅलिटीत खाली द्रावकाचं किलोग्रॅम असतं, म्हणजे द्राव्य वगळून. वस्तुमानाच्या टक्केवारीत खाली द्रावणाचे १०० ग्रॅम. मोल-अपूर्णांकात खाली सगळ्यांचे मिळून मोल. पीपीएममध्ये खाली दहा लाख भाग. पाण्यासारख्या विरळ द्रावणात एक लिटरचं वजन जवळपास एक किलो, म्हणून तिथे एक पीपीएम म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम धरतात. दाट द्रावणात तसं धरायचं नाही. एवढ्या पाच ओळी पाठ असल्या की पुरे.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. हा प्रकार सगळ्यात जास्त अडतो. प्रयोगशाळेतल्या दाट सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं: ९८ टक्के, घनता १.८४ ग्रॅम प्रति मिलिलिटर. मोलॅरिटी काढायची. मुलं इथे सूत्र शोधत बसतात. सूत्र शोधू नकोस. मोलॅरिटीत खाली लिटर हवं, म्हणून स्वतःच एक लिटर आम्ल डोळ्यासमोर आण.

एक लिटर म्हणजे १००० मिलिलिटर. एका मिलिलिटरचं वजन १.८४ ग्रॅम, म्हणून सगळ्याचं १८४० ग्रॅम. हे १८४० ग्रॅम कशाचे? द्रावणाचे, आम्ल आणि पाणी मिळून. “द्रावणाचे” हा शब्द वहीत लिही. त्यातले ९८ टक्के आम्ल, म्हणजे सुमारे १८०३ ग्रॅम आम्ल. सल्फ्युरिक आम्लाचं मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचं वजन, ९८ ग्रॅम प्रति मोल. १८०३ ला ९८ ने भाग, १८.४ मोल. हे मोल एका लिटरात आहेत, म्हणून १८.४ मोलर. झालं.

आता त्याच बाटलीची मोलॅलिटी काढ. मोल तेच, १८.४. खाली मात्र आता द्रावकाचं किलोग्रॅम हवं. पाणी किती? १८४० चे २ टक्के, ३६.८ ग्रॅम, म्हणजे ०.०३६८ किलोग्रॅम. १८.४ भागिले ०.०३६८ म्हणजे ५०० मोलल. बाटली एक, आम्ल एक, आणि एक आकडा १८.४ तर दुसरा ५००! हे उदाहरण मी दरवर्षी मुद्दाम घेतो. ‘कशात’ बदललं की उत्तर किती बदलतं, हे यात जेवढं ठसतं तेवढं माझ्या दहा वेळा सांगण्याने ठसत नाही. विरळ जलीय द्रावणात मोलॅरिटी आणि मोलॅलिटी जवळजवळ सारख्या येतात, आणि म्हणूनच मुलं दोन्ही एकच समजून पुढे जातात.

याच्या जोडीला एक छोटी गोष्ट. “२५० मिलिलिटर पाण्यात ४ ग्रॅम सोडिअम हायड्रॉक्साइड घाला” आणि “४ ग्रॅम घेऊन द्रावण २५० मिलिलिटरपर्यंत करा” ही दोन वेगळी कामं आहेत. मोलॅरिटीला दुसरं लागतं. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कच्या मानेवर रेघ असते ती त्यासाठीच: आधी थोड्या पाण्यात विरघळवायचं, थंड होऊ द्यायचं, मग रेघेपर्यंत पाणी घालायचं. थंड होऊ दे म्हणतो, कारण तापलेल्या द्रावणाचं आकारमान वाढलेलं असतं. फ्लास्कवर २० किंवा २७ अंश असं तापमानही छापलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळीसच्या पुढे जाते, तेव्हा मोलॅरिटी किंचित हलते. मोलॅलिटी हलत नाही, कारण वजन उन्हाने वाढत नाही. परीक्षेत हा प्रश्न कारणासह येतो.

युनिटांकडे वळू. हजारने गुणू की भागू, हा प्रश्न पडूच द्यायचा नाही. आकड्याशेजारी युनिट लिहायचं आणि रूपांतर अपूर्णांकाच्या रूपात मांडायचं, म्हणजे नको असलेलं युनिट वर-खाली येऊन कटलं पाहिजे. कटत नसेल तर अपूर्णांक उलटा कर. एवढंच. डोक्याने ठरवण्यापेक्षा वहीला ठरवू दे.

गावातल्या विहिरीचंच गणित घे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, ते तू पाहिलं असशील. समजा विहीर गोल आहे, व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर. त्रिज्या २ मीटर. आकारमान ३.१४ × २ × २ × ३, म्हणजे ३७.६८ घनमीटर. याचे लिटर किती? इथे बरीच मुलं “मीटरला १०० सेंटिमीटर” म्हणून १०० ने गुणतात. पण मीटर तीनदा आहे: लांबी, रुंदी, उंची. म्हणून १०० सुद्धा तीनदा यायला हवा. एक घनमीटर म्हणजे दहा लाख घनसेंटिमीटर, आणि १००० घनसेंटिमीटरचं एक लिटर, म्हणून घनमीटरला १००० लिटर. विहिरीत ३७,६८० लिटर पाणी आहे.

समजा लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं ठरलं. खरी मात्रा पाणी किती गढूळ, किती दूषित त्यावर ठरते आणि शेवटी नळाच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे, असा दंडक आहे. आपण गणितापुरतं १ धरू. ३७,६८० लिटरला ३७,६८० मिलिग्रॅम, म्हणजे ३७.६८ ग्रॅम क्लोरीन.

आता पावडर किती? चांगल्या पावडरीत उपलब्ध क्लोरीन साधारण ३३ टक्के असतं. इथे वर्गातली निम्मी मुलं ३७.६८ ला ०.३३ ने गुणतात आणि १२.४ ग्रॅम लिहितात. उत्तर लिहून झाल्यावर दोन क्षण थांबून बघ. ३७ ग्रॅम क्लोरीन १२ ग्रॅम पावडरीत मावेल का? पोत्यातल्या मालापेक्षा पोतं लहान कसं असेल? म्हणजे भागायचं होतं. १०० ग्रॅम पावडरीत ३३ ग्रॅम क्लोरीन, म्हणून ३७.६८ ग्रॅम क्लोरीनसाठी ११४ ग्रॅम पावडर. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की क्लोरीन उडून जातं आणि टक्के उतरतात. २० टक्क्यांवर आली तर त्याच विहिरीला १८८ ग्रॅम लागेल. नेहमीच्या मापाने टाकत राहिलं तर पाण्यात पुरेसं क्लोरीन जात नाही आणि गावात हगवण लागते. हे गणित पुस्तकातलं नाही, म्हणून सांगतो: ते नीट आलं पाहिजे.

फवारणीचंही तसंच आहे. “पंपाला एक झाकण” हे माप नव्हे, कारण बाटलीगणिक झाकण बदलतं. लेबलवर हेक्टरी मात्रा आणि हेक्टरी पाणी दिलेलं असतं. समजा २५० मिलिलिटर औषध आणि ५०० लिटर पाणी असं असेल, तर लिटरला अर्धा मिलिलिटर, १५ लिटरच्या पंपाला साडेसात. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणं अनेक होती, पण आपल्या घरात निदान लेबल वाचून मात्रा काढणारं एक माणूस असावं, असं मला मनापासून वाटतं. ते तू होऊ शकतेस.

खताच्या पोत्यावर थोडक्यात. युरियावर ४६ आणि डीएपीवरही ४६ दिसतं, पण युरियाचे ४६ टक्के नत्राचे आणि डीएपीचे ४६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइडचे. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात २०.७ किलो नत्र. डीएपीच्या ५० किलोत २३ किलो पेंटॉक्साइड, आणि त्यात प्रत्यक्ष फॉस्फरस १४२ भागांत ६२ भाग, म्हणजे जेमतेम १० किलो. ‘कशाचे’ हे न वाचता नुसता आकडा वाचला तर काय होतं, ते बघ.

आता नावं. ती आठ दिवसांत उडतात, कारण तू नाव आणि सूत्र अशा जोड्या पाठ करतेस. त्याऐवजी आयन, म्हणजे विद्युतप्रभार असलेले अणू किंवा अणूंचे गट, पाठ कर. थोडेच आहेत: नायट्रेट, सल्फेट, कार्बोनेट, बायकार्बोनेट, फॉस्फेट, हायड्रॉक्साइड, अमोनिअम, क्लोरेट, परमँगनेट, डायक्रोमेट. प्रत्येकाचा प्रभार सोबत. पुढची नावं यांतूनच बनतात.

संयुग समोर आलं की आधी बघ, धातू आहे का? नसेल, दोन्ही अधातू असतील, तर डाय, ट्राय, टेट्रा असे उपसर्ग लागतात: कार्बन डायऑक्साइड, डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड. धातू असेल तर उपसर्ग लावायचे नाहीत. “कॅल्शिअम डायक्लोराइड” नको, नुसतं कॅल्शिअम क्लोराइड, कारण कॅल्शिअमचा प्रभार एकच असतो आणि दोन क्लोरीन त्यातून आपोआप कळतात. लोह, तांबं यांच्यासारखा धातू एकाहून जास्त प्रभार घेत असेल तर तो प्रभार नावात सांगावा लागतो. दोन लोह आणि तीन सल्फेट असं सूत्र दिलं, तर सल्फेटचे तीन गुणिले उणे दोन, एकूण उणे सहा. म्हणून दोन लोहांवर मिळून अधिक सहा, एकावर अधिक तीन. आयर्न थ्री सल्फेट, जुन्या नावाने फेरिक सल्फेट. एक लोह, एक सल्फेट असेल तर आयर्न टू, म्हणजे फेरस सल्फेट. दुकानात त्यालाच हिराकस म्हणतात.

‘एट’ आणि ‘आइट’मध्ये मुलं नेहमी अडकतात. ‘एट’मध्ये ऑक्सिजन अमुक इतकेच असा नियम नाही, सल्फेटमध्ये चार आणि नायट्रेटमध्ये तीन असतात. नियम घराण्याचा आहे. ‘एट’मधून एक ऑक्सिजन काढला की ‘आइट’, आणखी एक काढला की ‘हायपो’ लावून ‘आइट’, आणि ‘एट’मध्ये एक वाढवला की ‘पर’ लावून ‘एट’. प्रभार घराण्यात सारखाच राहतो. क्लोरीनचं घराणं लिहून बघ: परक्लोरेटमध्ये चार, क्लोरेटमध्ये तीन, क्लोराइटमध्ये दोन, हायपोक्लोराइटमध्ये एक. मघाच्या टीसीएल पावडरीत जंतू मारण्याचं काम करतो तो हाच हायपोक्लोराइट.

आणि नावाचा संहतीशी थेट संबंध आहे. नाव चुकलं की सूत्र चुकतं, मग मोलर वस्तुमान चुकतं आणि शेवटी वजन चुकतं. मोरचूद घे. निळे खडे. नाव कॉपर टू सल्फेट पेंटाहायड्रेट, म्हणजे एका कॉपर सल्फेटसोबत पाण्याचे पाच रेणू. मोलर वस्तुमान २४९.५. पाणी धरलं नाही तर १५९.५. २५० मिलिलिटर, ०.१ मोलर द्रावण करायचं तर ०.०२५ मोल लागतात, म्हणजे खड्यांचे ६.२४ ग्रॅम. “पेंटाहायड्रेट” हा शब्द गाळून तू १५९.५ धरलं, तर ३.९९ ग्रॅम मोजशील आणि द्रावण ०.०६४ मोलर होईल. एका शब्दापायी द्रावण दोन तृतीयांशाच्याही खाली आलं.

मोर्शी-वरुडकडे संत्र्याच्या बागांत याच मोरचुदाचं बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्का म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद लिटरला १० ग्रॅम पडलं. १० भागिले २४९.५, म्हणजे ०.०४ मोलर. बुंध्याला लावतात त्या मलमात पाणी दहाच लिटर, म्हणजे दसपट दाट. बागायतदार ते टक्क्यांत बोलतो, तू मोलरमध्ये, पण वस्तू एकच आहे. मिश्रण लोखंडी भांड्यात करत नाहीत, आणि झाल्यावर त्यात लोखंडी विळा बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, तांबं अजून मोकळं आहे, म्हणून आणखी चुना घालतात. तुझ्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया ती हीच.

आता तुझा शेवटचा प्रश्न, सूत्रं की उदाहरणं. सूत्रं फार कमी लागतात, मात्र व्याख्या चोख हव्यात. उदाहरणंही ढिगाने नकोत. रोज तीनच घे, पण प्रत्येक आकड्याशेजारी युनिट आणि ‘कशाचे’ हा शब्द लिहून सोडव. सुरुवातीला वेळ जास्त जाईल. उत्तर आलं की ते शक्य आहे का, ते तपास, पावडरीचं तपासलं तसं. सोडवलेलं उदाहरण दुसऱ्या दिवशी वही न बघता पुन्हा कर. आणि आयनांची यादी दाराला चिकटवून ठेव, रोज येता-जाता दिसेल अशी.

थोडक्यात पुन्हा: खाली काय आहे ते आधी ठरव, तेवढा माल डोळ्यासमोर घे, युनिटं कटू दे, नाव वाचून मगच मोलर वस्तुमान काढ.

सरावाला एक देतो. यवतमाळ, चंद्रपूरच्या कित्येक गावांतल्या हापशीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात दुसरा स्रोत नसेल तर चालणारी कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम. फ्लोरिनचं अणुवस्तुमान १९. ही मर्यादा मोलरमध्ये किती? उत्तर ७.९ गुणिले १० चा उणे ५ वा घात यायला हवं. उणे २ वा घात आला तर मिलिग्रॅमचे ग्रॅम करायचे राहिले. वेगळंच काही आलं तर इथे नुसतं उत्तर लिहू नकोस, सगळ्या पायऱ्या युनिटांसकट लिही. कुठे सुटलं ते मी बघून सांगतो.